थंडीत जिताडा गळाला लागत नाही? आधी पहाटेचा गजर बंद करा

दरवर्षी हेच रडगाणं. दिवाळीपर्यंत तळ्यावर, खाडीवर मजा असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात जिताडा आमिषावर असा तुटून पडतो की काठी हातातून सुटायची वेळ येते. मग मार्गशीर्ष लागतो, पहाटे दव पडायला लागतं, आंब्याला मोहोर दिसतो आणि गळ एकदम मुका होतो. तळं तेच, काठी तीच, आमिष तेच. तरी चार-चार रविवार पाचला उठून जायचं, हात गारठवून घ्यायचे आणि नऊ वाजता रिकाम्या पिशवीने परत यायचं. दारात आई विचारणार, "मग आज वालाचं बिरडंच ना?"

मी पाच-सहा हिवाळे असेच घालवले. आधी आमिष बदललं, मग दोर बदलला, मग यूट्यूबवर अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवर बास मासे पकडणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून दोन हजारांचे लूर (नकली आमिषं) मागवले. एकाचाही उपयोग झाला नाही. उलगडा झाला तो खारेपाटात, म्हणजे रायगडच्या खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, एका तळ्याच्या मालकामुळे. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मी पहाटे साडेपाचला बांधावर बसलेला पाहून ते कानटोपी सावरत आले आणि म्हणाले, "आरं बाला, मासं काय शालंत जातं का, पहाटचं उठायला? पान्यात हात घाल बघू." घातला. मनगटापर्यंत कळ गेली. "तुला भूक लागल का ह्यात?" एवढं बोलून ते चहाला निघून गेले.

त्या एका प्रश्नात नव्वद टक्के उत्तर आहे. उरलेलं दहा टक्के सांगायला मला बराच वेळ लागणार आहे, कारण अडचण तिथेच होते.

आधी मासा कोणता आहे ते लक्षात घ्या

आपला जिताडा म्हणजे आशियाई सी बास. सिंधुदुर्गात आणि गोव्यात त्यालाच चोणक म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामंडी. नावात बास असलं तरी अमेरिकेच्या तळ्यातल्या लार्जमाउथ बासशी त्याचं नातं नाही. कूळ वेगळं, स्वभाव वेगळा आणि मुख्य म्हणजे थंडीचं गणित वेगळं. लार्जमाउथ हा थंड हिवाळ्याच्या मुलखातला मासा. पाणी ८-१० अंशांवर आलं तरी तो सुस्तावतो पण खातो, बर्फाला भोक पाडूनही लोक त्याला काढतात. जिताडा उष्ण कटिबंधातला. त्याला २६ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. २५ च्या खाली भूक कमी होत जाते, २० च्या आसपास तो खाणं जवळजवळ सोडतो आणि १५ कडे पाणी उतरलं तर जिवावर बेततं.

आता आपल्याकडची हवा बघा. जानेवारीत अलिबागला रात्रीचं तापमान साधारण १७-१८ पर्यंत येतं, दुपारी २८-२९ ला जातं. उत्तरेकडून थंडीची लाट आली की रात्री आणखी खाली. पुरुषभर खोल तळ्याचं पाणी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी झुलत असतं. म्हणजे ज्या रेषेखाली जिताडा तोंड मिटतो ती रेषा आपलं पाणी हिवाळ्यात रोज एकदा खाली ओलांडतं आणि रोज एकदा वर ओलांडतं. पहाटे तुम्ही रेषेखाली गळ टाकून बसलेले असता. दुपारी मासा खायला लागतो तेव्हा तुम्ही घरी जेवून आडवे झालेले असता.

मोहोराला थंडी लागते, जिताड्याला नको असते. बागायतदार खूश असेल त्या आठवड्यात गरवणाऱ्याने, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याने, सावध राहावं.

थर्मामीटर घ्या, बाकी काही घेऊ नका

शोभेच्या माशांच्या दुकानात वायर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, शे-दोनशे रुपयांत. त्याची वायर बांबूच्या काटकीला बांधा, टोकाला थोडं शिसं लावा. तळ्यावर पोचलात की गळ टाकायच्या आधी तीन ठिकाणी मोजा: वरचं वीतभर पाणी, मधलं आणि तळाचं. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर धरा, आकडा स्थिरावू द्या. शक्य असेल तर चारही बांधांवर मोजा. सुरुवातीला लोक हसतात. माझ्यावर अजूनही हसतात.

मी एका जानेवारीत तात्यांच्या तळ्यावर दिवसभर हा उद्योग केला. सकाळी सातला वर-खाली सगळीकडे २०-२१. दुपारी तीनला वरचं हातभर पाणी २५ च्या पुढे, तळाला मात्र २२. त्या दिवशी सकाळी तीन तासांत एकदाही दोर हलला नाही. दुपारी सव्वातीन ते साडेपाच या वेळात दोन जिताडे आले आणि एक सुटला. एका दिवसावरून शास्त्र मांडता येत नाही हे मलाही कळतं, पण त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात हेच दिसत आलं आहे.

आकडा वाचायचा कसा? २६ च्या वर कुठेही मिळाला तर थंडी विसरा, नेहमीसारखं गरवा. २३ ते २५ असेल तर मासा खातो, पण पाठलाग करत नाही. २० ते २२ ला आमिष नाकासमोर नेऊन ठेवावं लागतं, आणि तरी तो विचार करतो. सगळीकडे २० च्या खाली असेल तर शेजारच्या वाडीत पोपटी लावा. मडकं, वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, अंडी, बटाटे. हे मी गमतीने म्हणत नाही. असा दिवस गळावर घालवण्यात अर्थ नसतो.

वेळ

उन्हाळ्यात आणि पावसानंतर पहाटेची वेळ चांगली, यात वाद नाही. उजेड कमी, पाणी फार तापलेलं नाही, लहान मासे काठाला. ही सवय आपण डिसेंबरातही ओढत नेतो. पण हिवाळ्यात पहाटेचं पाणी दिवसातलं सर्वांत थंड असतं. शिवाय शेवाळ असलेल्या तळ्यात रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतलेला असतो, त्यामुळे विरघळलेला प्राणवायूही पहाटेच सर्वांत कमी. मासा दोन्हीकडून अडलेला असतो.

माझी हिवाळ्यातली वेळ आता ठरलेली आहे: दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत. त्यातही शेवटचा तास सोन्यासारखा. पाणी अजून तापलेलं असतं आणि उजेड उतरायला लागलेला असतो. अंधार पडल्यावर वरचा थर लवकर निवतो, मग तासाभरात गुंडाळावं. थंडीची लाट असेल तर पहिले दोन दिवस जाऊच नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आभाळ स्वच्छ असेल आणि दुपार चढत्या उन्हाची असेल तेव्हा जा. ढगाळ दिवस फसवा. हवा उबदार वाटते, पण पाण्यावर ऊन पडलेलं नसतं.

"थंडीत खोल गरवा" हा सल्ला आपल्यासाठी नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. अमेरिकेतला माणूस सांगतो, थंडीत मासा खोल जातो, तळाशी गळ सोडा. त्याच्या जागी तो बरोबर आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. तिकडचं तळं गोठतं तेव्हा वर बर्फ असतो, शून्याजवळचं पाणी बर्फाखाली असतं आणि ४ अंशांचं जड पाणी तळाशी बसतं. त्या तळ्यात तळ हीच सर्वांत उबदार जागा.

आपलं पाणी ४ अंशांच्या जवळपासही जात नाही. इथे सरळ हिशेब: गार पाणी जड, ते खाली बसतं, कोमट पाणी हलकं, ते वर राहतं. रात्री वरचं पाणी निवून खाली जातं, सकाळपर्यंत सगळं तळं एकसारखं गार होतं. दुपारी ऊन वरच्या थराला तापवतं आणि तळ तसाच गार राहतो. म्हणून हिवाळ्यातल्या दुपारी उथळ तळ्यात जिताडा वर आणि काठाला असतो, खोल खड्ड्यात नसतो. मी पहिले दोन हिवाळे तळ्याच्या मधोमध असलेल्या डोहातच शिसं बुडवत बसलो होतो.

याला एक अपवाद खारेपाटात भेटतो. पावसाळ्यात वरून गोडं पाणी भरतं, तळाशी मात्र उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) शिरलेलं खारं पाणी राहून गेलेलं असतं. खारं पाणी मुळातच जड, त्यामुळे ते कोमट झालं तरी वर येत नाही. अशा तळ्यात पाय सोडून बसलात तर पोटऱ्यांना गार आणि तळव्यांना ऊबदार लागतं. पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मला वाटलं, खाली काहीतरी आहे! थर्मामीटरवर तळाचा आकडा वरच्यापेक्षा जास्त आला तर हेच समजा आणि आमिष खाली सोडा. मात्र बांबूला तळाचा काळा गाळ लागून सडक्या अंड्यासारखा वास आला तर त्या थरात प्राणवायू नाही. मग मासा त्या थराच्या जरा वर तरंगत असतो. आमिष तळापासून दोन हात वर ठेवा.

कोणत्या बांधावर बसायचं

पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, कोरडा आणि बोचरा. दुपारी खारा वारा समुद्राकडून सुटतो. हा दुपारचा वारा तळ्यावरचा तापलेला थर पूर्वेच्या बांधाकडे ढकलत नेतो. त्या बांधावर पाणी चक्क अंश-दीड अंशाने जास्त असतं, फेस आणि काडीकचरा तिथे जमतो, त्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे आपला पाहुणा.

म्हणून वारा ज्या बांधावर आपटतो त्या बांधावर बसा. वारा तोंडावर घेऊन गळ फेकायला त्रास होतो, लाटांमुळे दोर दिसत नाही, म्हणून बहुतेक जण पाठीला वारा घेऊन पश्चिमेच्या बांधावर ऐसपैस बसतात. माझ्या मते हिवाळ्यातल्या रिकाम्या पिशवीचं पहाटेनंतरचं दुसरं कारण हेच. पूर्वेच्या बांधावर बसण्याचा आणखी एक फायदा असा की संध्याकाळी ऊन समोरून येतं, तुमची सावली मागे पडते. हिवाळ्यात तळ्यातला गाळ बसून पाणी निवळलेलं असतं, जिताडा डोळ्यांनी शिकार करतो, आणि पाण्यावर हललेली सावली त्याला आपल्याला वाटते त्यापेक्षा फार आधी कळते.

बांधाला दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) असेल तर ती जागा आधी बघा. दगड दिवसभर तापतो आणि ऊन उतरल्यावरही पाण्याला ऊब देत राहतो. उघाडीजवळचा काँक्रीटचा भाग तसाच. एखाद्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्याखाली काळा चिखल असेल तर तोही चांगला तापतो. अशा जागी चिलापी (तिलापिया मासा) थव्याने उन्हाला आलेली दिसते. तीही गारठलेली असते, पळायला मंद. जिताडा त्या थव्याच्या जरा बाहेर, खोली सुरू होते त्या कडेला उभा असतो. गळ थव्यात टाकायचा नाही, त्या कडेला टाकायचा.

आमिष आणि त्याचा वेग

गार पाण्यात पचन मंदावतं. एकदा पोट भरलं की जिताड्याला पुढे कितीतरी वेळ खायची निकड नसते. त्यामुळे ऑक्टोबरात वीतभर बोय मासा लावून बसत असाल तर आता बोटाएवढा लावा.

जिवंत आमिषाला तोड नाही, पण ते त्याच पाण्यातलं हवं. खाडीतून आणलेली कोळंबी गोड्या तळ्यात टाकली की काही वेळातच मान टाकते, आणि हललं नाही तर जिताडा बघत नाही. तळ्यात तळ्यातलीच लहान चिलापी, खाडीत खाडीतलीच कोळंबी किंवा बोय. कोळंबीला गरी (गळाचा हुक) डोक्यावरच्या काट्याजवळून आडवी घाला. आत काळा ठिपका दिसतो त्याला धक्का लागला की ती मेलीच समजा. चिलापीला वरच्या ओठातून किंवा पाठीच्या काट्याखालून गरी घालावी. शिसं जितकं कमी तितकं बरं. बूच लावून आमिष वरच्या हात-दीड हात पाण्यात ठेवा, कारण ऊब तिथे आहे.

लूर वापरणाऱ्यांनी एकच करायचं: ज्याला तुम्ही हळू समजता त्याच्या निम्म्या वेगाने ओढा. अमेरिकेच्या व्हिडिओंमधली हीच एक गोष्ट इथे जशीच्या तशी चालते. सात-आठ सेंटिमीटरचं सॉफ्ट प्लास्टिक, पाच-सात ग्रॅमचं जिग हेड (डोक्याला शिसं असलेली गरी). टाका, दोन हात ओढा, थांबा. थांबणं म्हणजे मनात एक ते दहा मोजणं. मला पाचपर्यंत मोजल्यावर हात शिवशिवायला लागतो, म्हणून मी तोंडात बडीशेप ठेवतो आणि ती चावत मोजतो. पाण्यात जागच्या जागी थांबणारे लूर हिवाळ्यात फार उपयोगी. पण गोड्या पाण्यात जागेवर थांबणारा लूर खाऱ्या पाण्यात वर यायला लागतो, कारण खारं पाणी त्याला जास्त उचलतं. खाडीवर जाताना त्याच्या पोटाला शिशाच्या पत्र्याचा तुकडा चिकटवा. तळ्यावर आलात की काढा.

मासा घेतो, पण कळत नाही

काही लोकांची तक्रार वेगळी असते: आमिष चघळलेलं येतं, पण धक्का जाणवत नाही. जिताडा चावत नाही, तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. गरम पाण्यात त्याचा भप्प असा आवाज येतो आणि तो लगेच वळून पळतो, म्हणून काठीला हिसका बसतो. गार पाण्यात तो आमिष ओढतो आणि तिथेच उभा राहतो. तुम्हाला कळतं ते एवढंच की दोर जरा जड झाला, किंवा बूच बुडण्याऐवजी आडवं सरकलं. पुष्कळदा नुसता दोर सैल पडतो.

बूच सरकलं की दोन मोजा, दोर ताणून घ्या, मग काठी उचला. झटका नको. हिवाळ्यात गरी बहुतेक वेळा ओठाच्या कडेला लागते आणि जोरात हिसकली तर फाडून येते. विणलेला दोर असेल तर धक्का जास्त कळतो, म्हणून नायलॉनपेक्षा ब्रेडेड बरा. पुढे हातभर लीडर (गरीजवळ जोडायचा चिवट दोर) हवाच. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं, नुसता ब्रेडेड त्यावर घासला की गेला. निवळ पाण्यात २५-३० पौंडी फ्लुरोकार्बन पुरे होतं, गढूळ खाडीत ४० लावायला हरकत नाही. मासा काढतानाही कल्ल्यात बोटं घालू नका. ही चूक प्रत्येक जण एकदाच करतो.

आमिष चघळलेलं नसून कापून, ओरबाडून नेलेलं असेल तर तो जिताडा नाहीच. चिंबोरी आहे. आमिष तळापासून फूटभर वर घ्या.

खाडीत असाल तर हिशेब बदलतो

धरमतर, कुंडलिका, बाणकोट, दाभोळ, जयगड, कुठेही असा, खाडीत एक गोष्ट तळ्यात नसते: समुद्र. हिवाळ्यात समुद्राचं पाणी खाडीच्या आतल्या पाण्यापेक्षा उबदार असतं. रात्री जमीन निवते, उथळ फाटे निवतात, समुद्र तसा निवत नाही. म्हणून हिवाळ्यात सकाळीच जायचं असेल तर मुखाजवळ आणि भरतीला जा. येणारं पाणी ऊब घेऊन येतं. सकाळच्या ओहोटीला आतल्या खाजणातून (भरतीचं पाणी शिरतं त्या दलदलीतून) निघणारं पाणी रात्रभर उघड्यावर गारठलेलं असतं, त्या वेळी फाट्याच्या तोंडावर बसणं फुकट.

दुपारी नेमकं उलटं. खाजणात, तिवरांच्या मुळांत भरलेलं पाणी उन्हात तापतं आणि सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) बाहेर पडतं. त्याच्याबरोबर कोळंबी, बोय, लहान चिंबोऱ्या वाहत येतात. ओहोळ मोठ्या खाडीला मिळतो त्या कोपऱ्यात, वाहत्या पाण्याच्या बाजूच्या संथ पाण्यात जिताडा तोंड करून उभा असतो.

म्हणजे आपल्याला अशा तिथ्या हव्यात ज्यांना दुपारी भरती पूर्ण होऊन संध्याकाळपर्यंत पाणी उतरेल. याला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. हे गणित मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचं. दक्षिणेला मालवणकडे भरती याच्या आधी येते, आणि कुठल्याही खाडीत आत जावं तसतशी उशिरा. प्रतिपदा ते तृतीया हे दिवस मला हिवाळ्यात सर्वांत आवडतात: पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान भरती, मग अंधार पडेपर्यंत उतरतं कोमट पाणी, आणि उधाणाचे दिवस असल्याने ओढही भरपूर. अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, दिवस तळ्यासाठी ठेवा. तळ्याला भरती-ओहोटी नाही.

एक सांभाळा. रायगडच्या खाड्यांत उधाणाला पाणी चार मीटरच्या वरही चढउतार करतं, सुकतीत मागे चिखलच चिखल उरतो. संध्याकाळी शेवटचा मासा काढायच्या नादात चिखलात उतरू नका. कमरेपर्यंत रुतलेल्या माणसाला काढायला दोन फळ्या आणि चार माणसं लागतात. मला विचारा.

सिंधुदुर्गातल्या मंडळींना हे सगळं वाचून हसू येत असेल. तिकडे थंडी सौम्य, कर्ली-तेरेखोलच्या मुखाजवळचं पाणी फारसं उतरत नाही, चोणक जानेवारीतही खातो. त्यांची अडचण निवळ पाण्याची. त्यांनी लीडर बारीक करावा आणि उजेड उतरेपर्यंत थांबावं, बाकी काही बदलू नये. दापोली-मंडणगडच्या वरच्या अंगाच्या तळ्यांत मात्र थंडी खरोखर कडक असते. तिथे डिसेंबर-जानेवारीत मी गळ काढतच नाही.

सगळं करून झालं, तरी काही नाही

मग मासा तिथे आहे का, हे बघा. ऐकायला वेडगळ वाटेल, पण मी एक अख्खा महिना अशा तळ्यावर घालवला होता ज्याची उघाडी पावसाळ्यात फळी निसटून रात्रभर उघडी राहिली होती. जिताडा हा गोड्या पाण्यात वाढणारा आणि विणीसाठी खाऱ्या पाण्याकडे जाणारा मासा. पावसाळ्यात बांधाला खांड गेली किंवा उघाडी उघडी राहिली की मोठे मासे आधी निघून जातात. तळ्यात त्याची वीण होत नाही, त्यामुळे बाहेर गेलेला मासा आपोआप भरून निघत नाही. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुन्हा सोडावी लागते. धरणातही तेच: बंधाऱ्याच्या वर खाडीतून मासा चढू शकत नाही. कुणी सोडला नसेल तर तिथे जिताडा नाही, मरळ धरा.

तपासायचं कसं? ऊन उतरताना काठी खाली ठेवून शांत उभे राहा. पंधरा-वीस मिनिटांत एखादा तरी भप्प ऐकू यायला हवा. नाही आला तर अंधार पडल्यावर बांधावरून विजेरी पाण्यावर तिरपी मारा. जिताड्याचे डोळे लालसर चमकतात. दोन-तीन संध्याकाळी काहीच दिसलं-ऐकलं नाही तर मालकाला विचारा. आणि मुळात मालकाला विचारल्याशिवाय तळ्यावर बसू नका. खारेपाटातली ही तळी कुणाच्या तरी घराची आहेत, पाहुण्यांसाठी, लग्नकार्यासाठी त्यात मासा राखून ठेवलेला असतो. विचारलंत तर चहा मिळतो, आणि तळ कुठे खोल, उघाडी कधी उघडली, शेवटचं जाळं कधी लावलं हे सगळं फुकट कळतं.

कधी कधी कडाक्याच्या लाटेनंतर जिताडा वरच दिसतो, काठाला, हातभर अंतरावर, जवळ गेलं तरी हलत नाही. अंगावर कापसासारखे पांढरे चट्टेही असतात. तो सहज हाती येईल, पण आजारी आहे. गळ टाकू नका, मालकाला बोलवा.

हे सगळं साधारण महाशिवरात्रीपर्यंतच लागू. शिमग्याच्या सुमारास पहाटे सहाला थर्मामीटर तळाशी सोडा. तिथेही २५-२६ दिसायला लागले की दुपारचं ऊन डोक्यावर घ्यायचं कारण उरलं नाही, पाचचा गजर परत लावा. तात्यांना काय सांगायचं ते मी बघतो.